बाटम एक तास मागे

सिंगापूरहून फेरीबोटीत बसलं की तासाभरात इंडोनेशियाचं बाटम येतं, आणि बाटमचं घड्याळ आमच्या सिंगापूरपेक्षा एक तास मागे. म्हणजे सकाळी आठला निघालेला माणूस आठलाच पोचतो. माझ्या नवऱ्याला, मंदारला, याचं कोण कौतुक. "फुकटचा तास," म्हणायचा. मी तांजोंग पगारच्या ऑफिसात पाच देशांच्या मीटिंगा जुळवते; फुकटचा तास कुठेही नसतो, हे मला पक्कं ठाऊक.

२०१४ साली तो तिकडच्या एका शिपयार्डात जहाजांच्या दुरुस्तीचं काम बघत होता. सोमवारी जायचा, शुक्रवारी पुंगोलला घरी. आमच्याकडे एलआरटीच्या गाडीला दोन मिनिटं उशीर झाला तर लोक कपाळाला आठ्या घालतात. तिकडे वेल्डर "नांती, नांती", म्हणजे "होईल मग", म्हणत सिगारेट पेटवतात, आणि काम कसं कोण जाणे, होतं. मंदार तिकडे गेला की सैल पडायचा. मला ते मुळीच आवडायचं नाही.

त्या गुरुवारी आमच्या लेकीला, जाईला, ताप होता म्हणून मी घरी होते. सव्वापाचला फोन वाजला. मंदारच्या बरोबरीने काम करणारा निशिकांत होता.

"वहिनी, मंदार जहाजाचा टँक तपासायला उतरला होता. आत हवाच नव्हती. वर काढेपर्यंत... पाच वाजता गेला."

मी भिंतीला टेकून खाली बसले. मनात आलं ते सांगायची लाज वाटते, पण तो कामाचा हिशोब होता. इथे सव्वापाच, म्हणजे तिकडे सव्वाचार. तिकडे पाच अजून वाजलेच नव्हते. आमचे लोक दोन्ही वेळांची गफलत नेहमीच करतात, म्हणून मी फोनमधली कॉलची यादी उघडली. निशिकांतच्या फोनपुढे वेळ होती सव्वासहा, इथेही अजून न वाजलेली.

मी मंदारला फोन लावला. त्याने उचलला.

"बोल गं. जाईचा ताप कसाय?"

"कुठे आहेस तू?"

"यार्डात. पावणेपाचला टँकमध्ये उतरायचंय. निशिकांत शेजारीच चहा पितोय. का?"

"उतरू नकोस. तुला माझी शपथ आहे."

"सुरेखा, परमिट माझ्या नावाचं आहे."

"असू दे."

 "बरं," तो म्हणाला.

सहाला, म्हणजे तिकडे पाचला, मी पुन्हा फोन केला. उचलला गेला, पण पलीकडून आवाज आला नाही. सव्वासहा वाजून गेले, निशिकांतचा फोन आला नाही. मी देवापुढे दिवा लावला. सातला मंदारचा मेसेज आला, "घरी येतोय."

शुक्रवारी तो आला. धडधाकट. मी त्याच्या गळ्यात पडून रडले, जाई हसली. सात वाजता मी विचारलं, "चहा टाकू?" तो खिडकीबाहेर बघत राहिला. दमला असेल, म्हटलं.

आठला मी पानं घेत होते तेव्हा तो म्हणाला, "अर्धा कप."

तेव्हापासून वर्षभर असंच चाललंय. डॉक्टर म्हणाले, धक्का बसलाय. निशिकांत माझा फोन घेत नाही. जाई मात्र लवकर शिकली. शाळेच्या डायरीवर सही हवी असली की तासभर आधी सांगून ठेवते. मला मंदार जिवंत हवा होता आणि मंदार घरात आहे. आणखी काय मागायचं?

गेल्या रविवारी सकाळी दहाला मी मन घट्ट केलं.

"मंदार, त्या दिवशी तू टँकमध्ये उतरलास का?"

पावणेअकरापर्यंत मी त्याच्यासमोर बसून होते.

मग धीर सुटला. भाजी आणायचं निमित्त करून खाली उतरले, आणि साडेअकरा वाजल्यावरच वर आले.

जाई जमिनीवर चित्र रंगवत होती.

"आई, पप्पा टॉकिंग टू नोबडी अगेन लाह," ती शाळेतल्या सिंगापुरी इंग्रजीत म्हणाली.

"काय म्हणाला?"

"म्हणाला, 'हो. अजून आतच आहे.'" तिने दुसरा खडू उचलला. "देन ही आस्क्ड मी, तिकडे किती वाजले."