एक्केचाळिसावं पान

व्यवस्थापकांची खोली समजून प्राध्यापक भलत्याच दारातून आत शिरला आणि आपलं हस्तलिखित थेट तिच्या पुढ्यात ठेवून मोकळा झाला. ती मुद्रितशोधक. छापखान्यात तिला सगळे 'चिमटा' म्हणत. पानातली चूक ती कुसळासारखी उपटून काढायची. हस्तलिखित होतं गणितातल्या विशेष फलनांच्या इतिहासाचं, मागे आकड्यांची लांबलचक कोष्टकं.

रोज दुपारी तो आकडे वाचायचा, ती छापील पानावर पेन्सिल फिरवायची. मधेच थांबून तो सांगायचा... वरून टांगलेली साखळी हलवली की तिचे हेलकावे एका फलनात, म्हणजे एका ठरावीक सूत्रात, नेमके बसतात. ऐंशी-नव्वद वर्षांनी तेच फलन ग्रहांच्या गणितात भेटलं, आणि नाव लागलं ते नंतरच्या माणसाचं.

"म्हणजे पहिल्याच्या हाती धुपाटणं?" तिने विचारलं.

"त्याला साखळी मिळाली की," तो म्हणाला. "मला तर... या दुपारी मिळाल्या."

तिची पेन्सिल त्या ओळीवर जरा जास्तच रेंगाळली.

एकदा चुकून तिने चाळिसाव्याऐवजी एक्केचाळिसावं पान त्याच्या हातात दिलं. तो मात्र चाळिसाव्या पानावरचे आकडे घडाघड म्हणत सुटला. तिने पेन्सिल खाली ठेवली.

"केव्हापासून?" तिने हळूच विचारलं.

दोन महिने, तो म्हणाला. नजरेतलं मधलं सगळं पुसलं होतं, कडा तेवढ्या उरल्या होत्या. त्याही वर्षभरात जातील. डॉक्टरांनी हात टेकले होते. कळलं तर पुस्तक बारगळेल म्हणून ताईकडून वाचून घेऊन त्याने सारं पाठ केलं होतं. तो निघून गेला, पुन्हा आला नाही.

चार दिवस तिने सगळी कोष्टकं हस्तलिखिताशी ताडून पाहिली. मग त्याचं घर गाठलं. दार त्याच्या ताईने उघडलं; तो जेवतही नाही, म्हणाली.

"एकच चूक सापडली," तिने त्याला सांगितलं. "तीही माझी."

तो हसला नाही. पुस्तक छापून झालं की येऊ नका, म्हणाला. "मला कुणाच्या गळ्यात धोंड व्हायचं नाही."

"गळा माझा आहे. धोंड की काय, ते मी ठरवीन."

मग त्याने तोंड भिंतीकडे फिरवलं. तिला रडू फुटणार होतं.

"निदान इकडे बघा तरी."

"बघतोय," तो म्हणाला. "सरळ पाहिलं की तू दिसत नाहीस."

ती जागची हलली नाही.