तपासणीत एक, रस्त्यावर एक

"माझी गाडी... खोटं बोलते?"

शिरूरच्या सर्व्हिस सेंटरमध्ये मी इतक्या जोरात ओरडले, की गाडीखाली आडवा पडलेला मेकॅनिकसुद्धा बाहेर डोकावला. मी गेले होते ऑइल बदलायला, आणि काउंटरवरचा हा सम्राट नावाचा मुलगा मला सांगत काय होता? तर माझी डिझेल गाडी तपासणीच्या मशीनवर चढली की गरीब गाय होते, आणि रस्त्याला लागली की ठरल्यापेक्षा कितीतरी जास्त विषारी धूर सोडते. ही सॉफ्टवेअरची करामत कंपनीनंच तिच्यात घातलेली!

"आता कंपनीच फुकट अपडेट देतीये, मॅडम. धूर कमी होईल. पण..." तो थांबला. "पिकअप जरा मार खाईल. ॲव्हरेजबी, कदाचित."

"मग उसाच्या ट्रॉल्यांना ओव्हरटेक करताना काय खाली उतरून गाडी ढकलू? आणि हे गिऱ्हाइकाला सांगायचं असतं व्हय?"

"न्हाई." तो हसला. "पण तुमी इचारणारच होता की."

ते हसू मला आवडलं, आणि मला माझाच राग आला. एकदा फसवणाऱ्यांच्याच हातात परत किल्ली द्यायची? माझं एक ठरलेलं लग्न असंच मोडलेलं. बघायला आला तेव्हा 'रांजणगावची नोकरी करा खुशाल' म्हणणारा नवरदेव, साखरपुडा होताच म्हणाला, राजीनामा द्या!

"विचार करते," म्हणून मी निघाले.

मग त्याचे फोन सुरू झाले. "मॅडम, अपडेटचं काय ठरलं?" मी मुद्दाम "अजून न्हाई" म्हणायची... आणि पुढच्या फोनची वाट बघायची.

रविवारी दौंडला मामांकडं मला बघायला पाहुणे आले. परत हा कार्यक्रम ठरवल्याच्या रागानं मी मुलाचा फोटोसुद्धा बघितला नव्हता. पोह्यांचा ट्रे घेऊन बाहेर आले, "जय भीम" म्हणून मान वर केली — आणि ट्रे पडता पडता राहिला.

सम्राट!

त्याचाही चेहरा पांढराफटक. त्यानंही माझा फोटो बघितला नव्हता; दारातली माझी गाडी बघूनच त्याला घाम फुटला होता म्हणे.

"इचार गौतमी, काय इचारायचं ते," मामा म्हणाले.

माझी जीभ आधीच सुटली. "बघायला आल्यावर सगळेच शहाणे असतात. नंतरचं सांगा. खोट काय हाय तुमच्यात?"

त्याच्या आईनं तोंडाला पदर लावला.

"घोरतो," तो म्हणाला. "चिडलो की दोन दिस बोलत न्हाई. आन्... अपडेटसाठी कंपनी एकदाच फोन करायला सांगते. बाकीचे फोन... माझे होते. तुमी मला लई आवडता."

मामांना ठसका लागला. माझे कान तापले. ट्रे खाली ठेवून खुंटीवरच्या पर्समधून मी गाडीची किल्ली काढली आणि सगळ्यांदेखत त्याच्यापुढं धरली.

"टाका अपडेट. आन् पिकअप गेला तर?"

"तर..." त्यानं किल्ली घेतली, पण बोटं माझ्या बोटांवरून उचलली नाहीत. "शेजारी बसून शिव्या खाईन. जन्मभर."

"अगं, त्याच्या आधी पोहे तरी खाऊ दे त्याला!" मामा ओरडले.