बोळातला खोकला

विश्वास ठेवायचा की नाही ते तुम्ही ठरवा. माझ्या सख्ख्या मावशीच्या बाबतीत घडलंय हे. आणि रात्री नाही... भर दुपारी.

गेल्या वर्षीचा जून. कासेरेस शहराचा जुना भाग, तटबंदीच्या आतला.

कासिल्दा मावशी आणि मेल्चोर काका खेड्यातून डॉक्टरकडे आले होते. काकांची हयात बाटल्यांची बुचं करायच्या कारखान्यात गेली. बुचाची धूळ छातीत बसलेली. दोन छोटे ठसके, मग एक लांबलचक खोकला, शेवटी "आई गं!" गावात काका दिसायच्या आधी ऐकू यायचे.

तपासणी झाली. परतीची बस संध्याकाळी होती.

"चल, जुनं गाव बघू," काका म्हणाले.

"या उन्हात? तुम्ही खोकणार आणि मी पाठ चोळणार!"

"चाळीस वर्षं तेच करतेस. आज जागा तरी वेगळी."

मावशीनं चेरी घेतल्या, कागदाच्या पुड्यात. दोघं दगडी कमानीतून आत शिरली.

दुपारच्या झोपेची वेळ. सगळ्या खिडक्या बंद. रस्त्यावर चिटपाखरू नाही. फक्त बुरुजांवर करकोचे चोची वाजवत होते... टकटक, टकटक.

एका वाड्याशेजारी अरुंद बोळ होता. आतून गार हवा येत होती.

"बघून येतो," म्हणत काका आत गेले.

मावशी बाहेर ओट्यावर टेकली. आतून खोकला ऐकू येत होता. लांब जात होता...

मग थांबला.

करकोचेही थांबले.

"अहो?"

ती बोळाकडे वळली.

"इथे आहे मी," मागून आवाज आला.

मावशी दचकली. काका तिच्या पाठीमागे उभे होते. रस्त्याच्या दुसऱ्या बाजूला.

"तिकडून कुठून आलात?"

"आत वाट आहे," काका हसले. शेजारी बसून चेरी खाऊ लागले.

मावशी बघत राहिली. पुडा निम्मा झाला... काकांनी एकही बी थुंकली नव्हती.

सदऱ्यावर घामाचा टिपूस नव्हता.

आणि खोकला नव्हता.

"बरं वाटतंय?"

"एकदम. चल."

काका पुढे निघाले, चढावर, भराभर. मावशीलाच धाप लागली. कमान दिसू लागली, आणि तेवढ्यात मागून...

दोन छोटे ठसके. एक लांब. "आई गं!"

मावशी जागीच थांबली. काका तर समोर होते.

त्यांनी तिचं मनगट धरलं. हात गार. "मागे बघू नकोस, कासिल्दा. बस चुकेल."

तिनं हिसडा दिला आणि धावत बोळात शिरली.

आत वाट नव्हती. चार पावलांवर दगडी भिंत. दार नाही, खिडकी नाही.

खोकला भिंतीतून येत होता.

"मेल्चोर! मेल्चोर!" ती मुठी आपटू लागली. शेजारच्या वाड्याची वरची एक खिडकी उघडली. एका म्हातारीनं डोकं काढलं.

"झोपू द्या हो जरा!"

"बाई, माझा नवरा... हा खोकला... ऐकू येतो ना तुम्हाला?"

"त्यात काय? इथे कुणी ना कुणी खोकतंच," म्हातारी म्हणाली. खिडकी लागली. कडी सरकल्याचा आवाज आला.

बोळाच्या तोंडाशी काका शांतपणे उभे होते. वाट बघत.

काय करणार? मावशी त्यांच्याबरोबर बसमध्ये बसली.

पुढच्या तपासणीत काकांची छाती स्वच्छ निघाली. गावानं मावशीचं अभिनंदन केलं. ती मात्र वेगळ्या खोलीत, आतून कडी लावून झोपू लागली.

हे तिनं मला या ईस्टरला सांगितलं, दुधात भिजवलेले पाव तळताना, दबक्या आवाजात.

मी हसले. "मावशी, बरा झाला माणूस. देवाचे आभार मान!"

"लग्नाच्या दिवसाचं विचारलं मी त्यांना. सगळं बरोबर सांगितलं. कुणी काय घातलं होतं, कोण काय बोललं." तिचा झारा थांबला. "माणूस काहीतरी विसरतो ना गं, पोरी? हा काहीच विसरत नाही."

तेवढ्यात काका दारात आले. कधी आले, कळलं नाही.

"तू शहरात राहतेस," ते मला प्रेमानं म्हणाले, "पण जुनं गाव नीट पाहिलं नसशील. एकदा दुपारी जाऊ."

काकांच्या नकळत मावशीनं माझ्या पायावर पाय दिला. घट्ट.

मी काम आहे म्हटलं. नंतर काकांचे दोनदा फोन आले, तेव्हाही तेच.

मावशीनं शपथ घेतली होती, त्या कमानीतून पुन्हा पाऊल टाकणार नाही.

गेल्या बुधवारी मला तिचा फोन आला. शहरातूनच. आवाज तिचाच. खुशीत होती.

"अगं, आज आम्ही दोघं जुन्या गावात जाऊन आलो. काय सुंदर आहे! उगाच घाबरत होते मी."

"आत्ता कुठे आहात?" मी विचारलं.

"तुझ्याच घराखाली उभे आहोत, पोरी," ती म्हणाली. "ये ना खाली."

मी खिडकीपाशी गेले नाही. पडदे ओढून घेतले... अजून उघडलेले नाहीत.