गोडं सलाईन

नारवेखारला कुणाकडे पाहुणा आला, की त्याच्यासाठी तेवढी पाण्याची बाटली विकत आणावी लागे. घरचे सगळे खाडीचंच पाणी प्यायचे. विहिरी खाऱ्या झाल्या तेव्हा अख्ख्या गावाने 'खारजुळणी'ची लस टोचून घेतली होती. रक्तात तिप्पट मीठ आलं तरी शरीरातल्या पेशी त्याच्याशी जुळवून घेत. माणूस कशालाही सरावतो म्हणतात, ते काही खोटं नाही.

लडकू म्हात्र्यांची हर्षाली लग्न होऊन जुन्नरला गेली, ती मिठाचं माप सोबत घेऊनच. तांब्याभर पाण्यात मापभर मीठ, तेव्हा कुठे ते तिला मानवायचं. "सुनेच्या हातची आमटी जपून चाखा," अशी सासऱ्यांनी थट्टाही केली होती. सासू सुलभाताई मात्र लाख माणूस.

घात त्यांच्याच हातून झाला, आणि तोही मायेपोटी. हर्षालीला उलट्या लागल्या, पोटात काही ठरेना. सुलभाताईंनी गल्लीतला दवाखाना गाठला आणि आपण सगळेच सांगतो तेच डॉक्टरांना सांगितलं, "एक सलाईन लावा, तरतरी येईल." खारजुळणीचं सांगायचं राहूनच गेलं. दोन बाटल्या चढल्या. तरतरी आली नाही, झटके आले.

लडकू पुण्याच्या इस्पितळात पोचले तेव्हा सुलभाताई भिंतीला टेकून बसल्या होत्या. चार शब्द सुनावावेत असं लडकूंच्या फार मनात होतं, पण त्या बाईचा चेहरा बघून ते डॉक्टरांकडे वळले.

"पन डाक्टर, सलाईन म्हंजे मिठाचंच पानी ना?" त्यांनी विचारलं.

"आमच्या रक्तात असतं तेवढंच मीठ त्यात असतं, काका. तुमच्या मुलीला ते गोडंच. पाणी कमी मिठाकडून जास्त मिठाकडे धावतं. ते तिच्या पेशींत शिरलं आणि पेशी फुगल्या. हातापायांना फुगायला जागा असते, मेंदूला कवटीत नसते."

"मंग जास्ती मीठ चढवा ना."

"चढवतोय, थेंबाथेंबाने. कैरीच्या फोडींना मीठ चोळलं की कसं पाणी सुटतं? घाई केली तर मेंदूतल्या पेशींचं तेच होईल. ते नुकसान भरून येत नाही."

"आन हलू केलं तर?"

"तोवर सूज थांबेल, असं मी सांगू शकत नाही."

संध्याकाळी हर्षालीने डोळे उघडले. तिने बापाला ओळखलं आणि लडकूंना रडूच फुटलं.

"बाबा, पानी."

त्यांनी नर्सकडे पाहिलं. नर्सने नकारार्थी मान हलवली. साधं पाणी दिलं तर सूज वाढणार, खारं दिलं तर पेशी आक्रसणार.

"बाबा, घोटभर तरी द्या ना."

जुन्नरकडची धरणं भरलेली होती, नारवेखारला तर दारातच समुद्र. पण या एका पोरीला चालेल असं घोटभर पाणी कुणाच्या दारात मागायचं, हे त्या बापाला कोण सांगणार होतं?