वादळाच्या डोळ्यातले नारळ

वादळ मुरडवण्याच्या बरोबर डोक्यावर होतं, आणि तिथे चक्क ऊन पडलं होतं. हे कसं काय?

रेवती चंद्रावरच्या वसाहतीत, हवामान कक्षाच्या पडद्याला नाक लावून बसली होती. खाली पृथ्वीवर चक्रीवादळ (गोल फिरत पुढे सरकणारं वादळ) अरबी समुद्रातून कोकणात शिरत होतं. किनाऱ्यावरचं मुरडवणे हे रेवतीचं गाव. आईबाबांनी चंद्रावर नोकरी धरली आणि घर साळव्यांना विकलं. आता रेवतीच्या खोलीत तिची मैत्रीण जुईली साळवी झोपायची. सकाळपासून ती त्याच खोलीच्या खिडकीतून फोनवर वादळ दाखवत होती. चंद्रावरची अख्खी शाळा जुईलीची चौकशी करत होती. रेवतीची कोणीच केली नव्हती.

"आम्ही होतो तेव्हा एक धड वादळ आलं नाही," रेवती म्हणाली. "ही राहायला गेली आणि लगेच आलं. त्यातही हिच्या अंगणात ऊन."

"वादळाने दारावरची पाटी वाचलेली नाही," टिपणीस म्हणाला. टिपणीस हा कक्षातला यंत्रमानव. हवेइतक्याच बारकाईने तो माणसांच्याही नोंदी ठेवायचा. "वाऱ्याचा वेग वाढत गेला, तसे तुझे टोमणेही वाढत गेले. आलेख अगदी जुळतो."

मग त्याने पेल्यातलं पाणी चमच्याने गरागरा ढवळलं. पाणी कडेला चढलं, मध्ये खड्डा पडला. चंद्राची ओढ कमी, म्हणून खड्डा चांगलाच खोल.

"वादळात हवा मध्याकडे धावते. पण धावता धावता ती इतक्या जोरात फिरू लागते, की मध्यापर्यंत पोचतच नाही. भोवती कडं करून वर चढते. सगळ्यात भयंकर वारा त्या कड्यात. आतल्या पोकळीत मात्र हवा हळूहळू खाली उतरते, ढग विरतात. तो वादळाचा डोळा (मधला शांत भाग)."

"म्हणजे वादळ संपलेलं नाही?"

"निम्मं झालंय. डोळा सरकला की कड्याची दुसरी बाजू येणार. तिथे वारा उलटा. पेल्यात बघ, पलीकडच्या कडेचं पाणी डावीकडे जातंय, अलीकडचं उजवीकडे."

रेवतीने पेला सोडून पडद्याकडे पाहिलं. मुरडवण्याची रीत तिला पाठ होती: वाऱ्याने वाटेवर पडलेला नारळ, जो आधी उचलेल त्याचा. वारा पडला रे पडला, की सगळी आळी टोपल्या घेऊन पळते. पडद्यावर जुईली माडांखाली पोचलीही होती.

"जुईली, घरात जा. वारा परत येणार आहे."

आवाज पृथ्वीवर जाऊन उत्तर यायला क्षणभर लागायचा. आज तो क्षण संपेना.

"कळतंय हो मला," जुईली म्हणाली. "सकाळी म्हणालीस फोन हलवतेस, मग म्हणालीस खिडकी पुसलेली नाही. आता माझे नारळ बघवत नाहीत."

"नाहीच बघवत. ते मी उचलायचे," रेवती म्हणाली. "पण ते पडलेत कुठे बघ. सगळे माडांच्या उत्तरेला ना? म्हणजे आतापर्यंत वारा दक्षिणेकडून होता. आता उत्तरेकडून येईल. माझं ऐकू नकोस हवं तर. समुद्राकडे बघ."

फोन वळला. समुद्रावर काळ्या ढगांची भिंत उभी होती, पार आभाळापर्यंत, आणि ती सरकत होती.

जुईलीने टोपली टाकली. "काकी, फिरा मागे, वारा उलटा येतोय," असं ओरडत ती आळीभर धावली. मग दाराची कडी वाजली आणि पडदा काळा झाला.

रेवती जेवायला उठली नाही. टिपणीसनेही तिला उठवलं नाही. बऱ्याच वेळाने फोन लागला.

"सगळे स्लॅबच्या स्वयंपाकघरात होतो. ठीक आहोत," जुईलीचा आवाज बसला होता. "दोन माड आडवे झाले, आम्ही नारळ वेचत होतो त्याच वाटेवर. आणि तुझ्या खोलीची कौलं गेली."

"माझ्या," रेवती हळूच म्हणाली.

"पुढच्या वादळात तू वरून डोळा सांग, मी खालून वारा सांगते. सगळ्या आळ्यांना आधीच कळवू." जुईली म्हणाली. "खरं सांगू? मला खिडकीएवढंच वादळ दिसलं. तुला अख्खं दिसलं. मला हेवा वाटतो तुझा."

आवाज अगदी स्वच्छ येत होता. टिपणीसने तशी नोंदही केली.

"नीट ऐकू नाही आलं," रेवती म्हणाली. "परत सांग."