चार दिवसांचं पाणी

"त्यायले सांग अनुपमा, माह्या घरच्या भिंतीले हात लावू नोका म्हणा!"

ज्ञानेश्वर बोलला बायकोकडे पाहून, पण शब्द गेले ते थेट जयमालेच्या काळजात! तिने भिंतीवरचा हात चटकन मागे घेतला. बोटांना ओल्या चुन्याचे पोपडे चिकटले होते, ते तिने पदराला पुसले. सात वर्षांच्या ज्या दिराच्या डोक्याला तिने रोज शाळेआधी तेल लावलं, तो गेली चार वर्षं या विधवा वहिनीशी एक शब्दही बोलला नव्हता... आणि तिनेही कधी तक्रार केली नव्हती.

मेहकरच्या या घरी ती आज गावाहून आली होती ती केवळ सासूसाठी. रुखमाबाईंना डॉक्टरांना दाखवायचं होतं, आणि जयमालेचा पदर मुठीत असल्याशिवाय त्या आता उंबरठाही ओलांडत नसत. त्यांना काही आठवतच नसे. पोटच्या ज्ञानूलाही त्यांनी मघाशी विचारलं होतं, "कोन्या गावचे तुम्ही?"

घराची दशा पाहवत नव्हती. सगळं सामान हॉलच्या मधोमध रचलेलं, छतालगतचं प्लास्टर विटांपर्यंत खरवडलेलं, आणि पंधरा दिवसांपासून दोन मोठे पंखे भिंतींकडे तोंड करून घरघरत होते. ओल आलेल्या घरात पाऊल टाकणारा प्रत्येक पाहुणा इंजिनिअर होतो, तसे सल्ले देणारे पुष्कळ येऊन गेले होते. आतल्या खोलीत ज्ञानेश्वरची सहा वर्षांची दीपमाला खोकत होती. दर पावसाळ्यात या ओलीने तिचा दमा उसळायचा.

गच्चीवरून शेखर मिस्त्री खाली आला. "सर, तडे भरून झाले. आता वर वाळू-सिमेंटचे आळे बांधून पाणी सोडलं, ते तीन दिवस उभं ठेवू. खाली थेंब नाही आला तं मंग रंगाचं पाहू." त्याने छताकडे मान वर केली. "नवा स्लॅब टाकल्यावर पहिले चार दिवस याले पाणी मारलं नाही, म्हणून हे सारं."

ज्ञानेश्वरचा संताप अनावर झाला. "आयकलं वहिनी? चार दिवस! मी पुण्यात नोकरीवर, घराचं काम तुमच्या भरवशावर टाकलेलं, अन् तुम्ही मे महिन्याच्या उन्हात स्लॅब तसाच सोडून माहेरी गेल्या! माह्या पोरीचा जीव घुसमटून राह्यला वो!"

चार वर्षांनी तो तिच्याशी बोलला, तो हे!

 एक वाक्य... फक्त एकच वाक्य जयमाला बोलली असती, तर तिच्यावरचा कलंक तिथल्या तिथे धुतला गेला असता! नांदुऱ्याला बाबा शेवटच्या घटका मोजत होते, तेव्हा तिच्या हातचा पाणी मारायचा डबा रुखमाबाईंनीच घेतला होता. "तू जाय माय, माह्या ज्ञानूचं घर हाय, मीच मारीन पाणी." बाबांना अग्नी दिल्यावर, निघाल्यापासून पाचव्या दिवशी ती परतली, तेव्हा टँकरच्या पाण्याने भरलेले ड्रम जसेच्या तसे होते, आणि स्लॅबवर तडे गेले होते. रुखमाबाई आधी तिच्याकडे पाहत राहिल्या, मग त्यांनी कपाळावर हात मारला. "मी इसरली वो जयमाला... अशी कशी इसरली? ज्ञानूले सांगू नको, तो मले येडी म्हणन!" त्या म्हाताऱ्या डोळ्यांतली भीती जयमालेने पाहिली आणि शब्द देऊन टाकला.

आजही ती एवढंच म्हणाली, "चुकलं माहं, भाऊ."

बोलता बोलता तिचा हात पदराकडे गेला. रुखमाबाईंच्या मुठीतला पदर मोकळा होता... त्यांची खुर्ची रिकामी! आणि गच्चीवरून पाणी ओतल्याचा आवाज येत होता.

सगळे धावत वर गेले. वाळू-सिमेंटच्या बुटक्या आळ्यांमध्ये रुखमाबाई घोट्याएवढ्या पाण्यात उभ्या होत्या. लुगडं खोचलेलं, हातात डबा. ड्रममधून भरायच्या, कोपऱ्यात ओतायच्या, पुन्हा भरायच्या.

"आई, पडशीन न!" ज्ञानेश्वर ओरडला.

त्यांनी त्याच्याकडे परक्यासारखं पाहिलं. "मिस्तरी, कोपरा कोरडा तं नाही न राह्यला? माह्या ज्ञानूचं घर हाय हे."

मग त्यांना जयमाला दिसली आणि त्यांचा चेहरा एकदम फुलला. "आली तू नांदुऱ्याहून? बाबा कसे हाएत? हे पाय, मारलं म्या पाणी! ते चार दिवस इसरली होती... आज नाही इसरली. तू ज्ञानूले सांगितलं तं नाही न?"

"नाही सांगितलं आई... कोनालेच नाही." जयमालेच्या डोळ्यांना धारा लागल्या. "अन् बाबा... बरे हाएत बाबा."

ज्ञानेश्वरला सारं उमगलं. त्याच चार दिवसांत वहिनीचे वडील गेले होते, हे त्याला नंतर कळलं होतं. रागापायी तो सांत्वनाला त्यांच्या दारावरही गेला नव्हता! त्या पाण्यातच गुडघे टेकून त्याने वहिनीचे पाय धरले.

"काऊन नाही सांगितलं वो वहिनी? चार वर्षं!"

"आई भेल्या होत्या, भाऊ," जयमाला त्याला उठवत म्हणाली. "तुमच्या नजरेत येडी ठरनं त्यायले सहन झालं नसतं."

"मिस्तरी, बसले काऊन?" रुखमाबाईंनी ज्ञानेश्वरपुढे डबा केला. "भरा पाणी."

"हो माय," तो म्हणाला. डोळे पुसून त्याने डबा भरला, आणि आईने बोट दाखवलं त्या कोपऱ्यात ओतला.

त्याने वहिनीला गावी जाऊ दिलं नाही. तिसऱ्या दिवशी शेखरने छत तपासलं. एक थेंबही उतरला नव्हता. ज्ञानेश्वरने जयमालेला भिंतीजवळ बोलावलं.

"वहिनी, तुम्हीच हात लावून पाहा न. कोरडी हाय का?"

आधी तिला धीर होईना. मग तिने उघड्या विटांवर तळवा टेकवला, आणि कितीतरी वेळ तो तिथून काढला नाही.