आर्नेंचं ठिगळ

पटलं नाही तरी चालेल, पण यातलं एक अक्षरही मी रचलेलं नाही.

गेल्या डिसेंबरची गोष्ट. गाव ओउलू, फिनलंडच्या उत्तरेला. दुपारचे साडेतीन, आणि बाहेर मिट्ट काळोख.

आम्ही चौघं मिळून एक लिनक्स वितरण चालवतो. जगभरचे लोक मिळून लिहितात तो मूळ कर्नल, म्हणजे संगणक-प्रणालीचा गाभा, घ्यायचा आणि लोकांच्या संगणकांवर पोहोचवायचा. नियम एकच. आपण केलेली दुरुस्ती आपल्यापाशी ठेवायची नाही. मूळ कर्नलवाल्यांकडे पाठवायची, तिथून ती सगळ्यांना मिळते. नाहीतर दर नव्या कर्नलला दुरुस्तीची तीच ठिगळं, म्हणजे पॅच, जोडत बसा.

फक्त आमचे जुने सहकारी आर्ने कुओप्पाला यांचं एक ठिगळ उरलं होतं. दहा ओळींचं.

"पाठवतो, पाठवतो" म्हणता म्हणता ते एप्रिलमध्ये वारले.

त्या दुपारी आमच्यातल्या योउकोने ते काढून टाकलं. नवा कर्नल बांधला. पाहतो तर...

ठिगळ आत होतं.

पुन्हा काढलं.

पुन्हा आत. नव्या कर्नलवर बेतून नीट बसवलेलं.

"सायमी, तू करतेयस का हे?" त्याने विचारलं. हसत नव्हता तो.

मी त्याला दाखवलं. माझा संगणक बंद होता.

शेवटी ठरवलं, त्यांचं राहिलेलं काम आपणच करू. त्यांच्याच नावाने ते मूळ कर्नलवाल्यांकडे पाठवून दिलं. तासाभरात तिकडच्या तपासनिसाने विचारलं, डिस्क जागी होताना दोन सेकंद थांबायचं ते कशासाठी?

आम्हाला कुठे ठाऊक होतं.

तेवढ्यात शेजारच्या खोलीतून की-बोर्डचा आवाज आला...

टक. टक टक. टक.

ती आर्नेंची खोली. कुलूपबंद. आत टेबलसुद्धा उरलं नव्हतं.

योउकोने माझी बाही घट्ट धरली. दोघंही जागचे हललो नाही.

आवाज थांबला.

आणि तपासनिसाला उत्तर गेलेलं दिसलं. आर्नेंच्या ईमेल पत्त्यावरून. तो पत्ता मे महिन्यात मीच बंद केला होता.

कारण अचूक दिलं होतं. खाली एकच ओळ, फिनिशमध्ये...

'आता मला जाऊ द्या.'

ठिगळ स्वीकारलं गेलं. खोली शांत झाली. "सुटले बिचारे," योउको म्हणाला. मलाही तसंच वाटलं.

मार्चमध्ये तो कर्नल सगळीकडे पोहोचला. आमच्याकडेच नाही, इतर वितरणांतही.

परवा राउमाहून माझ्या धाकट्या बहिणीचा फोन आला. ती आमचं वितरण वापरत नाही, दुसरं एक वापरते. आर्नेंचं नावही मी कधी तिच्यापाशी काढलेलं नाही.

तिने अगदी हळू आवाजात विचारलं, "सायमी, आर्ने कोण गं?"

मी फोन कानाशी घट्ट धरला.

ती एकटी राहते. पण फोनमध्ये तिच्या मागे कुणीतरी घसा खाकरला...

बारा वर्षं शेजारच्या खोलीतून मी तो आवाज ऐकलाय.